आउटहाऊस (पुणे)

आउटहाऊस : बंगल्याच्या मागच्या अंगाला, मुख्य घरापासून सुटी बांधलेली एक-दोन खोल्यांची राहायची जागा, आणि अलीकडे अशी जागा महिन्याऐवजी दिवसाच्या हिशोबाने भाड्याने द्यायची पुण्यातली पद्धत. डेक्कन, प्रभात रोड, भांडारकर रोड, एरंडवणे, मॉडेल कॉलनी, कोरेगाव पार्क आणि औंधच्या जुन्या भागात ही जास्त दिसतात. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात कडाप्प्याचा ओटा, वर कधी स्लॅब तर कधी पत्रा, संडास-बाथरूमला बाहेरून दार, आणि मालकाच्या व्हरांड्यासमोरून न जाता बाजूच्या बोळातून आत येणारं एक छोटं फाटक. हे फाटक लक्षात ठेवा, पुढे सगळा कायदा तिथेच येऊन अडतो.

नाव : शब्द इंग्रजी आहे हे उघड, पण अर्थ इंग्रजीतला राहिलेला नाही. अमेरिकेत आउटहाऊस म्हणजे परसातला संडास, त्यामुळे तिकडे शिकायला गेलेल्या पुण्याच्या मुलांनी 'आम्ही लहानपणी आउटहाऊसमध्ये राहायचो' असं सांगितलं की समोरचा गप्प होतो. आपल्याकडचा अर्थ नोकरांची खोली, मग पाहुण्यांची, मग भाडेकरूची असा सरकत आलेला दिसतो. उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक असं की ही वाड्याचीच लेक, म्हणजे वाड्याच्या मागच्या चौकात किंवा परसात आड, न्हाणीघर आणि गोठा यांच्याजवळ दोन खणांची खोली असायची, तिथे बिऱ्हाडकरू ठेवत, आणि पेठेतली माणसं नदी ओलांडून बंगल्यात राहायला गेली तेव्हा ही सवय बरोबर घेऊन गेली. दुसरं मत असं की याचं मूळ कॅम्पात आहे. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इथे छावणी बसली, छावणीतला बंगला मोठ्या आवाराच्या मध्यभागी असायचा आणि नोकरांच्या खोल्या आवाराच्या मागच्या कडेला ओळीने असायच्या, डेक्कनच्या बंगल्यांनी तोच नकाशा लहान करून उचलला. संकलकाला दुसरं मत जास्त पटतं, कारण वाड्यातली मागची खोली वाड्याला चिकटलेली असते, सुटी नसते, आणि आउटहाऊसची सगळी गंमत सुटं असण्यात आहे. पण बिऱ्हाडकरू ठेवायची वृत्ती वाड्याचीच, त्यात वाद नाही.

ओघात 'कंपाउंड'चंही सांगायला हवं कारण आउटहाऊस कंपाउंडाशिवाय होत नाही. हा शब्द मलायी 'काम्पुंग' म्हणजे वस्ती, आवार यावरून आला की पोर्तुगीजांच्या मैदानवाचक शब्दावरून, यावर यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात लांबलचक चर्चा आहे आणि तिचा कल मलायी उगमाकडे आहे. ('बंगला' बंगालवरून आला याबद्दल मात्र फारसं भांडण नाही.) मराठीत पुढे आणखी एक उलटापालट झाली, कंपाउंड म्हणजे आवार न राहता आवाराची भिंत झाली, म्हणून आपण 'कंपाउंडवर बसू नका' अशी पाटी लावतो आणि वाचणाऱ्याला काही वावगं वाटत नाही.

अल्पमुदतीचं भाडं नवीन नाही. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीश आश्रम सुरू झाला तशी परदेशी माणसं काही आठवड्यांसाठी, काही महिन्यांसाठी खोली शोधत यायला लागली, आणि त्या भागातल्या मोठ्या बंगल्यांच्या गॅरेजना, मागच्या खोल्यांना भाव आला. पेठांमध्ये त्याच सुमाराला विद्यार्थ्यांसाठी 'कॉट बेसिस' रुजलेलं होतं, म्हणजे भाडं खोलीचं नाही तर खाटेचं. दोन्हीकडे मालकाची एकच इच्छा दिसते, आलेला माणूस परत जावा.

या इच्छेमागे कायदा आहे, त्यामुळे इथे जरा थांबावं लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि बिऱ्हाडकरू हलेना. मालकांनी मग 'भाडेकरू नाही, परवानाधारक आहे' अशी पळवाट काढली, तर १९७३ च्या दुरुस्तीने कलम १५अ घालून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत राहत असलेल्या परवानाधारकांना थेट भाडेकरू करून टाकलं. आपल्या मागच्या खोलीत सहा महिन्यांसाठी आलेला माणूस एका रात्रीत कायमचा झाला असं ज्या घरांत झालं तिथे पुढच्या पिढीनेही ती खोली कुलूप लावून ठेवली, हे आजही डेक्कनच्या गल्ल्यांत फिरलं की दिसतं, मागे खोली, दाराला गंजलेलं कुलूप, आत जुने पेपर आणि एक सायकल.

सध्या लागू आहे तो १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, अंमल ३१ मार्च २००० पासून. याच्या कलम २४ ने लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशाच परवान्याच्या कराराची, मुदत संपली की राहण्याची जागा परत मिळवणं सोपं केलं, आणि कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे अशी जबाबदारी मालकावर टाकली, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल राहणारा जे म्हणेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरतात. मग दोन रात्रींसाठी आलेल्या पाहुण्याचा करार नोंदवायचा का? इथे कलम ७ मधल्या व्याख्या कामाला येतात. परवानाधारक या व्याख्येतून पेइंग गेस्ट वगळलेला आहे, तसाच हॉटेल, लॉजिंग हाऊस, गेस्ट हाऊसमध्ये उतरलेला माणूसही वगळलेला आहे. पेइंग गेस्ट म्हणजे घरचा नसलेला असा माणूस, ज्याला मालक स्वतः राहतो त्या जागेचा एक भाग वापरायला दिलेला आहे.

आता आउटहाऊस हा 'मालक राहतो त्या जागेचा भाग' आहे का? एक बाजू म्हणते नाही, वेगळी चूल, वेगळं दार, वेगळं फाटक, म्हणजे वेगळी जागा. दुसरी बाजू 'जागा' या शब्दाची व्याख्याच समोर ठेवते. त्यात इमारतीला लागून असलेली बाग, मोकळी जमीन, गॅरेज आणि आउटहाऊस हे शब्द लिहूनच ठेवलेत, १९४७ च्या कायद्यातही होते. म्हणजे भाडे कायद्याच्या नजरेत आउटहाऊस हे मुख्य घराचं शेपूट आहे, आणि पुढे मालक राहत असेल तर मागचा पाहुणा पेइंग गेस्ट. हे वाचन जास्त नेटकं वाटतं, पण सब-मीटर, वेगळा गॅस आणि बोळातलं फाटक असं सगळं असेल तर एवढ्या व्याख्येवर विसंबून राहू नये. मालक परगावी आणि किल्ली शेजारच्यांकडे अशी स्थिती असेल तर प्रश्नच मिटतो, तो पेइंग गेस्ट नव्हेच.

बांधकामाचे नियम : भाडे कायदा आउटहाऊसला नावाने ओळखतो, बांधकाम नियमावली मात्र त्याला वेगळं घर म्हणून ओळखत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि इतर काही भाग सोडून राज्यभर एकच नियमावली आली, लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात, पुण्यालाही तीच लागू. त्यात मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१, बाजूला आणि मागे सोडायचं अंतर म्हणजे मार्जिन, आणि मार्जिनमध्ये वॉचमनची केबिन, मीटर रूम, पंप रूम असलं किरकोळ चालतं, राहायची खोली चालत नाही. म्हणून आज मागे नवीन खोली काढायची तर ती मार्जिन सोडून, शिल्लक एफएसआयमध्ये, नकाशा मंजूर करूनच. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची पद्धत सोपी केलीय, १५० पर्यंत तर आणखी सोपी, पण मार्जिन कुणालाच माफ नाही. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर सहसा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरायला मिळत नाही, त्यामुळे एरंडवण्यातल्या बोळांत एफएसआय संपला की संपला. जुनं आउटहाऊस मूळ मंजूर नकाशात दाखवलेलं असेल तर ठीक, नसेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढून टाकायची, नोटीस येऊ शकते आणि मिळकतकरावर दुप्पट शास्ती बसू शकते, म्हणजे बिल तिप्पट. म्हणून सुरुवात करणाऱ्याने रंग, पडदे, फोटो याच्या आधी महापालिकेतून मंजूर नकाशाची नक्कल काढावी. बरेचदा त्या नकाशात मागच्या खोलीवर 'गॅरेज' लिहिलेलं निघतं.

पुण्याचा खास मुद्दा म्हणजे चाळीस टक्के. मालक स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सवलत होती, मधे ती गेली, २०२३ मध्ये परत आली, आणि ज्यांची गेली होती त्यांनी पीटी-३ नावाचा फॉर्म भरून, सोसायटीचं पत्र नाहीतर गॅसचं कार्ड जोडून ती परत मिळवली. ज्या भागाचं भाडं येतं त्याला ही सवलत नाही. फॉर्मवर 'स्वतः राहतो' लिहायचं आणि खोल्या बुक करायच्या अ‍ॅपवर त्याच खोलीचे बारा फोटो टाकायचे, हे दोन्ही एकाच मोबाइलवरून करणारी माणसं आहेत, यावर जास्त लिहायला नको.

उलट पर्यटन खात्याला मालक घरात असलेलाच आवडतो. केंद्राच्या निवास-न्याहारी आणि होमस्टे योजनेत मालक कुटुंबासह त्याच आवारात राहायला हवा, एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि सोय बघून रौप्य किंवा सुवर्ण दर्जा. पुढे आजी-आजोबा आणि मागे पाहुणे हे पुणेरी चित्र यात अगदी बसतं. गुंतवणूक म्हणून खराडीला किंवा विमाननगरला फ्लॅट घेऊन अ‍ॅपवर लावणारा यात बसत नाही, त्याची गाठ सोसायटीशी. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवणं पुरतं, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलं जाणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, ही शुल्काची मर्यादा २००१ च्या शासन आदेशाने ठरलीय. पण हे महिन्याच्या भाडेकरूला धरून केलेले नियम आहेत, दर शनिवारी नवीन चेहरा लिफ्टमध्ये दिसला की कमिटी 'हे निवासी नाही, हॉटेल आहे' म्हणते आणि ते म्हणणं अगदीच बिनबुडाचं नसतं.

करांचं थोडक्यात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या मालकाला जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, पण अ‍ॅपवरून बुकिंग आलं तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) प्रमाणे कर अ‍ॅपवाली कंपनी भरते. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला असलेली सूट १८ जुलै २०२२ ला गेली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची (जुन्या नावाने फॉर्म सी), मग तो पाहुणा म्हणजे भाच्याचा अमेरिकन मित्र का असेना.

हिशोब करताना नवखा माणूस रात्रीचा दर गुणिले तीस असा आकडा काढतो, तिथेच फसतो. पुण्याला सीझन ठरलेला आहे : जून-जुलैला अ‍ॅडमिशनवाले पालक, गणपतीचे दहा दिवस, डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव, लग्नं आणि परदेशातून आलेली मुलं, आणि वर्षभर मोठ्या हॉस्पिटलांजवळ पेशंटचे नातेवाईक. मधले आठवडे रिकामे. चादरींचे प्रत्येक गादीमागे तीन जोड लागतात, एक अंथरलेला, एक धुवायला, एक कपाटात. टाकी मागच्या खोलीला वेगळी नसेल तर गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असताना पाहुण्याने शॉवर सोडला की पुढच्या घरातली भांडी तशीच राहतात. विसर्जनाच्या दिवशी पेठेतली खोली हमखास जाते, पण पाहुण्याची गाडी आत येत नाही, त्याने बॅगा डोक्यावर घेऊन चालत यायचं असतं, हे आधी कळवलेलं बरं.

इतरत्र : परसातल्या घराला अमेरिकेत एडीयू म्हणतात. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून आणि मग २०२० पासून त्याचे नियम बरेच सैल केले, मागे-बाजूला चार फूट सोडले तरी चालतं, अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पण हेतू राहायची घरं वाढवण्याचा असल्याने ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्याला मनाई करायची मुभा गावांना आहे, आणि बरीच गावं ती वापरतात. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांच्या आतलं भाडं नोंदणीशिवाय नाही, मालक घरात हवा, पाहुणे दोनच. म्हणजे तिकडे परसातलं घर बांधायला या म्हणतात आणि रात्रीच्या पाहुण्याला अडवतात, आपल्याकडे पाहुण्याला फारसं कुणी अडवत नाही, खोली बांधायलाच जागा नाही. तिकडच्या एडीयूमध्ये सहा महिन्यांसाठी राहायला जाणारे पुण्याचे आई-बाबा मात्र त्याला आउटहाऊसच म्हणतात, मुलांनी कितीही टोकलं तरी.

पानशेत, मुळशी, पवनेकडची शेतघरं यात धरलेली नाहीत, तिथे शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते आणि पुढे बिनशेतीचा प्रश्न येतो. शहरातली आउटहाऊसं पुनर्विकासात झपाट्याने जातायत, बंगला पडला की आधी मागची खोली पडते, कारण जेसीबी आत घ्यायला बोळातलं फाटकच काढावं लागतं.