जनुकीय जोखीम-अनुमान (बेळगाव सीमाभाग)

मधुमेह, हृदयविकार, उच्च रक्तदाब, स्तनांचा कर्करोग यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या रोगांकडे एखाद्या व्यक्तीचा जन्मजात कल किती आहे, हे तिच्या डीएनएतील असंख्य बारीक फरकांच्या बेरजेवरून ठरवणे आणि त्या अंदाजाचा रुग्णसेवेत उपयोग करणे. या बेरजेला बहुजनुकीय गुणांक म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘पॉलिजेनिक स्कोर’ हेच नाव रूढ आहे. सिकलसेल, थॅलसेमिया यांसारखे एकाच जनुकातील दोषाने होणारे रोग यात येत नाहीत. प्रस्तुत नोंदीत बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि लगतचा मराठीभाषक पट्टा एवढ्यापुरता विचार केला आहे.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काहीजण तो १९१८ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी रॉनल्ड फिशर यांनी उंचीसारखी सलग बदलणारी लक्षणेही मेंडेलच्या नियमांनी समजावता येतात, फक्त त्यामागे पुष्कळ घटक असतात आणि प्रत्येकाचा परिणाम अल्प असतो, असे दाखवले. डग्लस फॅल्कनर यांनी १९६५ मध्ये हाच विचार रोगांना लावला : कल सर्वांमध्ये कमीअधिक असतो, तो एका उंबरठ्यापलीकडे गेला की रोग प्रकट होतो. मात्र ही दोन्ही मांडणी तात्त्विक होती. प्रत्यक्ष डीएनएवरून गुण देण्याची रीत पशुपैदाशीच्या शास्त्रात आधी आली, आणि उगमाचा मान तिलाच देणे अधिक सयुक्तिक वाटते. म्यूविसेन, हेज व गॉडर्ड यांचा जनावरांच्या जनुकीय निवडीवरील निबंध २००१ चा आहे. माणसांच्या रोगांत असा गुणांक ठळकपणे वापरला गेला तो २००९ मध्ये, स्किझोफ्रेनियाच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात. (भारतातही क्रम काहीसा असाच दिसतो : गाईम्हशींच्या डीएनए-तपासणीसाठीच्या ‘गौ चिप’ व ‘महिष चिप’ यांचे अनावरण ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथे झाले; माणसांच्या दवाखान्यात तेवढे सर्रास काही अजून आलेले नाही.)

गणना अशी होते. डीएनएतील विशिष्ट जागी जोखमीचे अक्षर व्यक्तीला आईवडिलांकडून शून्य, एक किंवा दोन प्रतींत मिळते. त्या संख्येला त्या जागेच्या वजनाने गुणतात आणि सर्व जागांची बेरीज करतात. वजने हजारो रुग्ण व निरोगी व्यक्तींच्या तुलनेतून काढलेली असतात. २००७ चा ब्रिटनमधील अभ्यास (सात रोग, सुमारे १४,००० रुग्ण व ३,००० सामाईक निरोगी व्यक्ती) या कामातला मैलाचा दगड मानला जातो. एकट्या जागेचा प्रभाव बहुधा किरकोळ असतो. टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध २००६ मध्ये पुढे आला, तो त्यातल्या त्यात बळकट. पुण्यातील रुग्णांवरही २००७ मध्ये तो पडताळला गेला. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतील एका गटाने ६६ लाख जागांची बेरीज करून, लोकसंख्येच्या सुमारे ८ टक्के लोकांत हृदयाच्या धमन्यांच्या विकाराची जोखीम तिप्पट असल्याचे म्हटले.

‘तिप्पट’ हा शब्द मात्र जपून वाचावा लागतो. समजा, एखाद्या वयोगटात येत्या दहा वर्षांत शंभरातल्या दोघांना तो विकार होतो. तिप्पट म्हणजे सहाजणांना. उरलेल्या चौऱ्याण्णवांना होत नाही. रुग्णाला हा दुसरा आकडा सांगितला जातो की पहिला, यावर त्याची झोप अवलंबून असते.

सर्वात मोठा वाद वजनांच्या उसनवारीचा आहे. २०१९ च्या एका आढाव्यानुसार अशा अभ्यासांतील सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. एखादी चिन्हांकित जागा स्वतः रोगकारक नसून खऱ्या कारक जागेच्या शेजारची, तिच्यासोबत वारशाने येणारी असते. आणि हे शेजार प्रत्येक लोकसमूहात सारखे नसते. म्हणून युरोपात नेमका ठरलेला गुणांक इकडे ढिला पडतो. यावर एका पक्षाचे म्हणणे, दक्षिण आशियाई नमुन्यांवर तो नव्याने बेतला की पुरे. २०२० मध्ये हृदयविकारासाठी तसा प्रयत्न झालाही. दुसऱ्या पक्षाच्या मते ‘दक्षिण आशियाई’ हा एकच गठ्ठा कामाचा नाही, कारण जातीअंतर्गत विवाहांमुळे येथे शेकडो लहान विवाहमंडळे शतकानुशतके वेगळी राहिली आहेत. सीमाभागापुरते दुसऱ्या मताला अधिक वजन द्यावे लागते. भारतीयांच्या डीएनएचे वाचन करणाऱ्या जीनोमइंडिया प्रकल्पाने ८३ समूहांतून सुमारे दहा हजार व्यक्तींचे नमुने घेतले व त्यांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. तेथेही नमुने समूहवार आहेत, ते उगीच नव्हे.

बेळगाव १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेने मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. सीमावादावर महाजन आयोग झाला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तरी सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कोल्हापूर अशीच जुळत राहिली. दोन-तीन पिढ्यांच्या प्रशासकीय रेषेने जनुकांची वारंवारता बदलत नाही. त्यामुळे खानापूरच्या मराठा शेतकऱ्यासाठी तुलनेचा नमुना ‘कर्नाटक’ म्हणून निवडणे चूक ठरेल. आणि त्याच गावच्या लिंगायत शेजाऱ्याला कोल्हापूरचा नमुना लावणेही तितकेच चूक.

नात्यातील विवाह हा येथला आणखी एक मुद्दा. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण रीतींमधला संक्रमणप्रदेश मानला आहे. मराठ्यांत मामाची मुलगी करतात, आतेबहीण मात्र वर्ज्य. दक्षिणेकडील काही समाजांत मामा-भाचीचा विवाहही चालतो. मामेबहिणीशी झालेल्या विवाहातील अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १/१६, मामा-भाचीच्या अपत्यात १/८ असते. याचा परिणाम मुख्यतः एकजनुकीय अप्रभावी (दोन्ही प्रती सदोष असल्यासच प्रकट होणाऱ्या) रोगांवर होतो, बहुजनुकीय बेरजेवर फारसा नाही. कुटुंबाचा इतिहास घेताना मात्र गफलत होते : ‘आईकडे पणजोबांना शुगर, वडिलांकडे आजोबांना शुगर’ अशा दोन नोंदी केसपेपरवर पडतात आणि ते दोघे एकच गृहस्थ निघतात.

रुग्णसेवेत या गुणांकाचा सर्वात खात्रीचा उपयोग जोखीम सांगण्यात नसून निदानात दिसतो. टाइप १ मधुमेहाचा जनुकीय गुणांक पुण्यातील रुग्णांवर तपासला गेला (२०२०). टाइप १ व टाइप २ वेगळे करण्यात तो उपयोगी ठरला, युरोपीयांपेक्षा नेमकेपणा थोडा कमी असला तरी. शरीरयष्टीने बारीक पण चरबी अधिक असा मधुमेही आपल्याकडे नेहमीचा. अशा तिशीतल्या रुग्णाला इन्सुलिन लागेलच की गोळ्यांवर भागेल, हा प्रश्न खरोखर अडतो, आणि तेथे या चाचणीला जागा आहे. याउलट दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळणारा, हृदयस्नायूच्या विकाराशी निगडित एमवायबीपीसी३ जनुकातील २५ अक्षरांचा लोप (२००९) हा एकच बदल असल्याने त्याला बेरजेची गरज नाही.

बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९६३), शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे. संशोधनात जिल्ह्याचे नाव झाले ते माताआरोग्यात : प्रसूतीनंतरचा रक्तस्राव गोळीने रोखण्याची ग्रामीण बेळगावातील चाचणी (१,६२० स्त्रिया) २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

गावपातळीवर जोखीम मोजते ती आशाताई, टेप घेऊन. तिशीपुढच्या माणसाचे वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम विचारून ती तक्ता भरते. आईवडील वा भावंडांपैकी कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास दोन गुण, आणि एकूण चारच्या वर गेल्यास तपासणीला प्राधान्य. चेन्नईत २००५ मध्ये तयार झालेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकातही एका पालकाला मधुमेह असल्यास १०, दोघांनाही असल्यास २० गुण असतात. या दोन्हींत रक्ताचा थेंबही लागत नाही. बहुजनुकीय गुणांकाने यात भर पडते ती थोडी. निपाणीच्या विडी-तंबाखू पट्ट्यात तर तंबाखूचा रकानाच बहुतेक काम करून जातो. अधिक जनुकीय जोखीम असलेल्यांना व्यायाम-आहाराचा लाभ होत नाही, ही समजूतही खरी नाही : अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात (२००६) टीसीएफ७एल२ चा जोखमीचा प्रकार असणाऱ्यांनाही जीवनशैलीबदलाने फायदा झाला. गुणांक कळल्याने रुग्ण वागणूक बदलतो का, याचे पुरावे संमिश्र आहेत. २०१६ च्या एका लहान अमेरिकी चाचणीत, ज्यांना तो सांगितला त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल सहा महिन्यांनी कमी आढळले, पण ते मुख्यतः स्टॅटिनच्या गोळ्या अधिकजणांनी सुरू केल्यामुळे.

विम्याबाबत, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्यविम्यातील ‘जनुकीय विकार’ हा सरसकट अपवाद भेदभावाचा ठरवला आणि त्याच वर्षी विमा नियामकाने त्या कारणावरून दावे नाकारू नयेत असे कंपन्यांना कळवले.