खाऱ्या पाण्याची मोठी टाकी: काच कापायला सांगण्यापूर्वी वाचावे

गोड्या पाण्यातले मासे चार-पाच वर्षे उत्तम सांभाळलेले अनेक ग्राहक आता खाऱ्या पाण्याकडे वळत आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ जण आमच्या दुकानात येतात ते एकच वाक्य घेऊन: "टाकी तयार आहे, आता कमी खर्चात बाकीचे सामान बसवून द्या." हे माहितीपत्रक त्या वाक्यामुळेच छापावे लागले आहे. आमच्याकडे सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीची चौकशी सर्वाधिक होते, म्हणून पुढचे सगळे हिशेब तिचेच आहेत. तिच्यात काठोकाठ सुमारे 680 लिटर पाणी मावते.

एवढ्या मोठ्या खाऱ्या टाकीचे गाळण टाकीच्या आत होत नाही. ते खालच्या कपाटातील संपमध्ये, म्हणजे गाळणासाठी ठेवलेल्या दुसऱ्या लहान टाकीत, होते. वरचे पाणी काचेतील भोकातून आपल्या वजनाने संपमध्ये उतरते, तेथे स्किमर त्यातील सेंद्रिय घाण फेसाच्या रूपाने बाहेर काढतो आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. हे भोक काच जोडण्यापूर्वी पाडायचे असते. गोड्या पाण्याची टाकी बनवणारा कारागीर ते पाडत नाही, कारण त्याला तसे कोणी सांगितलेलेच नसते. शिवाय मजबुतीसाठी म्हणून पुष्कळदा टफन काच (तापवून झटकन थंड केलेली कडक काच) वापरली जाते. टफन काचेला नंतर भोक पाडता येत नाही. ड्रिल टेकताच संपूर्ण काचेचा भुगा होतो. साध्या काचेला ते पाडता येते, परंतु जोडलेल्या टाकीत हात आडवा धरून काम करावे लागते आणि तडा गेला तर नुकसान ग्राहकाचे होते. त्यामुळे आम्ही असे काम लेखी संमतीशिवाय हाती घेत नाही.

यावर काठावर अडकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स हा स्वस्त उपाय सुचवला जातो. आम्ही तो विकत नाही, आणि त्याबद्दल काही ग्राहक आमच्यावर नाराजही आहेत. त्याचे कारण येथे सांगणे योग्य होईल. हा बॉक्स सायफनवर चालतो, म्हणजे पाण्याने भरलेल्या वाकड्या नळीतून पाणी काठावरून ओढले जाऊन खाली उतरते. वीज गेली की पाणी थांबते आणि नळीत हवा शिरून सायफन तुटण्याची शक्यता असते. वीज परत आली की पंप मात्र आपले काम इमानाने सुरू करतो, वर पाणी चढत राहते, खाली उतरण्याची वाट बंद असते आणि संपमधले पाणी वरच्या टाकीच्या काठावरून दिवाणखान्यात येते. वळवाच्या पावसात दुपारभर विजेचा लपंडाव चालणाऱ्या आपल्या भागात ही जोखीम घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भोक असलेल्या टाकीतही वीज जाण्याचा हिशेब करावाच लागतो. या टाकीतील एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे 11 लिटर. पाणी परत आणणारी नळी पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटर बुडवली असेल, तर पंप थांबताच तिच्यातून जवळजवळ 55 लिटर पाणी उलटे खाली येईल. तेवढी जागा संपमध्ये नेहमी रिकामी राहिली पाहिजे; नाहीतर नळीचे तोंड पृष्ठभागालगत ठेवावे.

टाकी ठेवायचा स्टँड उद्यमनगरातील कारखान्यांत चांगला आणि माफक दरात बनतो, मात्र तो संपचे माप ठरल्यावरच सांगावा. मध्ये आडवा पाय आल्याने संप आत जात नाही, किंवा संप जातो पण स्किमरचा फेस साठणारा पेला वर उचलायला जागा उरत नाही, या दोन तक्रारींपायी आमच्या माणसांच्या कित्येक फेऱ्या वाया गेल्या आहेत. पाणी, काच, खडक, वाळू आणि संप मिळून वजन एक टनाच्या वर जाते. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून रचलेला असतो आणि ही टाकी सव्वा चौरस मीटरही व्यापत नाही. वरच्या मजल्यावर ती ठेवायची असल्यास आधी इमारतीच्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. प्लंबरला पितळी व्हॉल्व्ह लावू देऊ नये, कारण पाण्यात उतरणारे तांबे कोळंबी, गोगलगायी यांना घातक ठरते.

आता काटकसरीबद्दल. आपली जुनी तीन फुटी टाकी संप म्हणून उत्तम चालते. आम्ही तिच्यात काचेचे कप्पे बसवून देतो. दिव्यांवर मोठा खर्च करण्याचे कारण नाही; महागडे प्रखर दिवे लागतात ते पोवळ्यांना. खडक बांधणारी पोवळी 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे आम्ही ती विकत नाही आणि मिळवूनही देत नाही. कृपया आग्रह करू नये. कोरडा खडक, मासे आणि कोळंबी यांच्यासाठी साधे एलईडी दिवे पुरतात.

पंपावर मात्र पैसे वाचवू नयेत. खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा पाणी अजिबात उंच चढवायचे नसताना मिळणारा असतो; चार-पाच फूट चढल्यावर तो बराच घटतो. शिवाय चोवीस तास चालणारी प्रत्येक 100 वॉटची उपकरणे महिन्याला 72 युनिट वीज घेतात, त्यामुळे जास्त वीज खाणारा स्वस्त पंप पुढे महागच पडतो. तापमान 24 ते 27 अंशांच्या आसपास हवे असते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पृष्ठभागावर वारा घालणारे पंखे पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतात, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात पंखे लावून पाहावेत आणि मगच चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) विचार करावा. चिलर घेतलाच तर तो बंद कपाटात ठेवू नये. पंख्यांमुळे उडालेले पाणी बिनमिठाचे असते, म्हणून भरही बिनमिठाच्या पाण्याचीच घालावी.

रत्नागिरीहून समुद्राचे पाणी कॅनमधून आणण्याची कल्पना दर हिवाळ्यात कोणीतरी मांडतो. किनाऱ्यालगतचे पाणी स्वच्छ असेलच असे नाही, आणि आंबा घाट ओलांडून दर आठवड्याला सत्तर-ऐंशी लिटर आणण्याचा उत्साह फार काळ टिकत नाही. पहिल्या भरणीला सुमारे 25 किलो सागरी मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. घरच्या आरओ यंत्रात चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो व तो थोडे मूळ पाणी परत मिसळतो, म्हणून ते पाणी वापरू नये. आमच्याकडे शून्य टीडीएसचे पाणी लिटरवर मिळते. आपले कॅन आणावेत.

काच सांगण्यापूर्वी भिंतीची लांबी, दाराची व जिन्याची रुंदी आणि जवळच्या विजेच्या बोर्डाचे छायाचित्र घेऊन दुकानात यावे. जागा पाहून आराखडा काढण्याचे शुल्क 1,000 रुपये असून सामान आमच्याकडून घेतल्यास ते बिलातून वजा होते. आराखड्यात भोकांची मापे मिलिमीटरमध्ये लिहिलेली असतात, त्यामुळे टाकी आपण कोणत्याही कारागिराकडून बनवून घेऊ शकता.