दारावरचे काळे ओघळ

खानापूरकडचे दोन-चार पावसाळे सोसलेल्या सागवानी दारावर कडी-कोयंड्याखाली आणि खिळ्यांभोवती निळसर काळे ओघळ दिसतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत, कारण ती घाण नसून शाई असते. हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून पूर्वी शाई करत, तीच क्रिया इथे फळीच्या आत घडते. लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य ओलाव्यात विरघळते, गंजत्या खिळ्यातले लोह त्याला मिळते आणि काळा लोह-टॅनेट तयार होतो. ऐन, बाभूळ यांच्या सालीने कातडी कमावतात ती याच टॅनिनमुळे. ओकमध्येही ते भरपूर, म्हणून उघड्यावरचे ओकचे बाकही असेच काळवंडते.

बुरशीचा डागही काळाच असतो, तेव्हा आधी परीक्षा करा. डागावर लिंबाचा रस पंधरा मिनिटे ठेवा. फिका पडला तर डाग लोहाचा. नाहीच पडला, तर लांबच्या दुसऱ्या डागावर ब्लीचचा थेंब टाकून पाहा. बुरशी त्याने उजळते. ब्लीच आणि आम्ल मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन सुटतो.

लोहाच्या डागावर खरा उपाय ऑक्झॅलिक आम्लाचा. फरशी पॉलिश करणारे ही पांढरी पूड वापरतात. ते लोहाला टॅनिनपासून ओढून घेते आणि पाण्यात विरघळेल असे करते. मग धुतले की डाग निघतो.

जुने वार्निश आधी खरवडून काढा, त्यातून आम्ल आत उतरत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्यात साधारण ६० ग्रॅम पूड विरघळवा आणि नायलॉनच्या ब्रशने पूर्ण फळीला लावा. नुसत्या डागावर लावले तर तेवढाच पांढुरका ठिगळ उठून दिसतो. वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. गरज पडल्यास पुन्हा लावा. लोखंडी काथ्या वापरलात तर त्याचे कण अडकून नवे डाग पडतील. खालची शहाबादी फरशी प्लॅस्टिकने झाका, ती चुनखडीची असल्याने आम्लाने खराब होते.

ही पूड पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा करते. हातमोजे आणि चश्मा घाला, मुलांना दूर ठेवा. धुण्यात कसूर झाली तर वाळल्यावर लाकडावर पांढरे स्फटिक उरतात. पॉलिशपेपर मारताना त्यांची धूळ नाकात जाते, म्हणून आधी पुन्हा धुवा आणि मास्क लावा.

दोन-तीन दिवस सावलीत वाळल्यावरच तेल किंवा पॉलिश द्या. त्याआधी लोखंडी खिळे काढून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवा, नाहीतर पुढच्या मृगात ओघळ परत येतील.