कांद्याची पट्टी एक्सएमएलमध्ये उतरते तेव्हा

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाडी खाली होऊन माल विकला गेला, की आडत्या शेतकऱ्याच्या नावाने पट्टी करतो. गोणी किती, वजन किती, भाव काय लागला आणि हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाऊन हातात काय उरले, असा सगळा हिशोब त्या कागदावर असतो. समजा, अशाच एका आडत्यासाठी महापेच्या एखाद्या ऑफिसात सी-शार्प भाषेत प्रोग्राम लिहिला जातो आहे. त्यात 'पट्टी' नावाचा एक क्लास, म्हणजे कोऱ्या पट्टीचा नमुना असेल आणि प्रत्येक गाडीमागे त्याचा एकेक ऑब्जेक्ट, म्हणजे भरलेली पट्टी तयार होईल.

हा ऑब्जेक्ट कॉम्प्युटरच्या मेमरीत असतो, तोही तुकड्या-तुकड्यांत. शेतकऱ्याचे नाव एका जागी, लॉटची यादी दुसऱ्या जागी, आणि मधे नुसते पत्ते. प्रोग्राम बंद झाला की सगळे गेले. तो दुसऱ्या प्रोग्रामला पाठवायचा तर आधी सलग मजकुरात उतरवावा लागतो. या उतरवण्याला सिरिअलायझेशन म्हणतात. त्यासाठीचा एक जुना, खणखणीत साचा म्हणजे एक्सएमएल: त्यात माहिती कोनी कंसांतल्या नावांमध्ये, म्हणजे टॅगमध्ये, गुंडाळून लिहितात. १९९८ साली तो प्रमाण म्हणून जाहीर झाला. त्याला कालबाह्य म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की यूपीआयने चहाचे दहा रुपये दिले तरी बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यात जे निरोप जातात ते एक्सएमएलमध्येच असतात.

सी-शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या डॉटनेटमध्ये हे काम 'एक्सएमएल-सिरिअलायझर' करतो. त्याला काहीच सांगितले नाही, तर क्लासमधले जे जे पब्लिक, म्हणजे बाहेरच्या कोडला दिसणारे आहे ते सगळे तो जसेच्या तसे लिहून काढतो. प्रोग्रामरने आतल्या सोयीसाठी ठेवलेली नावे तशीच बाहेर दिसू लागतात. उद्या कोणी आतले नाव बदलले, की फाइल वाचणारा पलीकडचा प्रोग्राम अडतो. तारखेचा प्रकारही गमतीचा आहे: पट्टीवर नुसती तारीख हवी असते, पण फाइलमध्ये तिच्या शेपटाला मध्यरात्रीची वेळ चिकटून येते.

इथे कोडमधले अॅट्रिब्यूट कामाला येतात. क्लासच्या किंवा प्रॉपर्टीच्या, म्हणजे क्लासमधल्या एकेका रकान्याच्या डोक्यावर चौकटी कंसात लिहिलेली ही खूण असते. गोणीवर रंगाने मार्का मारतात तसेच हे: आतला कांदा तोच राहतो, पण गोणी कुठे ठेवायची ते हमालाला कळते. एक्सएमएलच्या टॅगमध्ये लिहिलेल्या माहितीलाही अॅट्रिब्यूटच म्हणतात, त्यामुळे घोळ नको म्हणून कोडमधल्याला मी पुढे खूणच म्हणेन.

खुणा लावल्यावर पट्टी अशी दिसू शकते:

<पट्टी क्रमांक="४१२">
  <तारीख>२०२५-०१-१८</तारीख>
  <गाव>ओतूर</गाव>
  <लॉट गोणी="६०" प्रत="गोल्टी"/>
  <हमाली>०</हमाली>
</पट्टी>

(टॅगची नावे मराठीत चालतात. आकडे मात्र इथे वाचायला सोपे म्हणून देवनागरीत दिलेत. खऱ्या फाइलमध्ये संख्या आणि तारखा इंग्रजी अंकांतच लागतात.)

सगळ्यात वरचा टॅग 'एक्सएमएल-रूट' या खुणेने ठरला. क्रमांकावर 'एक्सएमएल-अॅट्रिब्यूट' ही खूण आहे, म्हणून तो स्वतंत्र टॅग न होता वरच्या टॅगच्या आत बसला. तारखेवर 'एक्सएमएल-इलेमेंट' लावून प्रकार 'डेट' सांगितला, की मध्यरात्र गळून पडते. एरवी लॉटच्या यादीला बाहेरून आणखी एक वेष्टण-टॅग आला असता. यादीवरही 'एक्सएमएल-इलेमेंट' लावली की लॉट थेट पट्टीखाली येतात.

काय टॅगच्या आत ठेवायचे आणि काय बाहेर, यावर प्रोग्रामर तासन्‌तास भांडू शकतात. माझ्या मते छोटी, एकेरी, पुढे फाटे न फुटणारी माहिती आत. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची फाइल पाहा: नाव, जन्मतारीख, पत्त्याचे भाग टॅगच्या आतले अॅट्रिब्यूट आहेत, फोटोची लांबलचक अक्षरमाळ मात्र उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या टॅगच्या मधे मजकूर म्हणून ठेवली आहे. एका टॅगमध्ये एकाच नावाचा अॅट्रिब्यूट दोनदा येऊ शकत नाही, म्हणून लॉटसारखी वाढणारी गोष्ट तिथे कोंबायला जाऊ नये.

वरच्या पट्टीत हमाली शून्य आहे. पण हमाली घेतलीच नाही आणि हमाली अजून मांडलीच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशोबात त्यावरून वाद होतो. त्यासाठी प्रॉपर्टीच्या नावापुढे 'स्पेसिफाइड' जोडून एक हो-नाही प्रॉपर्टी ठेवतात. ती 'नाही' असेल तर टॅग लिहिलाच जात नाही. ही जोडप्रॉपर्टी स्वतः फाइलमध्ये उतरू नये म्हणून तिच्यावर 'एक्सएमएल-इग्नोर' लावायची.

ही 'इग्नोर' खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि सगळ्यात धोक्याचीही. आडत्याने शेतकऱ्याच्या जुन्या उचलीबद्दल टिपलेला शेरा पब्लिक प्रॉपर्टीत असेल आणि खूण लावायची राहिली, तर तो शेरा गुपचूप पट्टीबरोबर बाहेर जाईल. प्रोग्राम कुरकुर करणार नाही, कारण त्याच्या लेखी काही चुकलेलेच नसते. २००६ साली डॉटनेटमध्ये आलेल्या 'डेटा-कॉन्ट्रॅक्ट' पद्धतीत नियम उलटा आहे: ती खूण लावलेल्या क्लासमधून फक्त 'डेटा-मेंबर' म्हणून निवडलेलेच बाहेर जाते. खासगी माहिती असेल तिथे मी हीच पद्धत पसंत करेन. तिची अडचण एवढीच, की टॅगच्या आतले अॅट्रिब्यूट तिला लिहिता येत नाहीत.

जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतही अशाच खुणा आहेत, तिथे त्या '@' चिन्हाने सुरू होतात.

खुणा कोडमध्येच गोंदलेल्या असल्याने त्यांची एक मर्यादा आहे. तीच पट्टी हिशोबनिसाच्या सॉफ्टवेअरला एका रूपात आणि बँकेला दुसऱ्या रूपात हवी असेल तर? 'ओव्हरराइड्स' देऊन त्या वेळेपुरत्या खुणा बदलता येतात. पण सिरिअलायझर दर क्लाससाठी स्वतःचे कोड तयार करतो. साध्या वापरात ते जपून ठेवून पुन्हा वापरले जाते. ओव्हरराइड्स दिले की दर वेळी नवे तयार होते आणि जुने मेमरीतून निघत नाही. त्यामुळे असा सिरिअलायझर एकदाच बनवून हाताशी ठेवावा लागतो. त्यापेक्षा बँकेसाठी एक छोटा वेगळा क्लास लिहून मूळ पट्टीतली हवी तेवढीच माहिती त्यात भरणे मला सरळ वाटते. चार ओळी जास्त पडतात, पण बँकेने उद्या साचा बदलला तर आडत्याच्या पट्टीला हात लावावा लागत नाही.