पाळीचं दुखणं कंबरेत का उतरतं?

दुखतं ओटीपोटात, पण गरम पाण्याची पिशवी निम्मा वेळ कंबरेखालीच असते. मांड्याही भरून येतात. ऑस्टिओपॅथी म्हणजे हाडं-स्नायू हातानं दाबून, हलवून केलेले उपचार. पाळीच्या दुखण्याबाबत तिचा सगळा दावा याच अनुभवावर उभा आहे: गर्भाशय दुखत असेल तर कणाही तपासा.

एकोणिसाव्या शतकात हे दुखणं म्हणजे यंत्रातला बिघाड, असंच बरेच डॉक्टर धरून चालत. अमेरिकन शल्यविशारद मॅरियन सिम्स यांच्या मते गर्भाशयमुखाची वाट सरळ आणि पुरेशी रुंद असेल तर पाळी दुखायचं कारणच नाही. म्हणून ते मुख कापून रुंद करत! ऑस्टिओपॅथीचे जनक, अमेरिकन डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल याच काळातले. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुलं गेली आणि तेव्हाच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. हाडं-स्नायू जागचे हलले की रक्ताची आणि नसांची वाट अडते, त्यातून आजार होतो, हा सिद्धांत त्यांनी १८७४ मध्ये मांडला. पुढे काही वर्षं ते गावोगाव फिरून हाडं बसवत, आपल्याकडच्या हाडवैद्यासारखे. १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला त्यांनी ऑस्टिओपॅथीची शाळा काढली. पहिल्याच तुकडीत स्त्रियाही होत्या, त्या काळाच्या मानानं ही मोठीच गोष्ट.

अडलेल्या रक्ताचा सिद्धांत टिकला नाही. नसांचा नकाशा मात्र खरा आहे. गर्भाशयाची वेदना नेणाऱ्या नसा पाठीच्या शेवटच्या आणि कंबरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात. कंबर आणि मांडीच्या वरच्या भागाकडून येणाऱ्या काही नसाही तिथेच पोचतात, त्यामुळे कळ नेमकी कुठून आली हे मेंदूला कळत नाही. शिवाय गर्भाशय मागच्या बाजूनं त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाला, बंधांनी जोडलेलं असतं. १९२० च्या दशकात फ्रान्समधल्या लियाँचे शल्यविशारद गास्तों कोत त्रिकास्थीसमोरचं नसांचं जाळंच कापत, आणि पुष्कळ जणींना आराम पडे.

मग १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डचे संशोधक पिकल्स यांना पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारा पदार्थ सापडला. ती प्रोस्टाग्लँडिनं निघाली. गर्भाशयाचं अस्तर सुटताना ती वाढतात, गर्भाशय घट्ट आवळलं जातं, त्याचाच रक्तपुरवठा तुटतो आणि कळ येते. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं नेमकी हीच साखळी तोडतात, हे ब्रिटिश संशोधक जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. आपल्या पर्समधली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी त्याच जातीची.

नकाशा खरा आहे म्हणून पाठ दाबल्यानं कळ थांबेलच, असं नाही. ऑस्टिओपॅथीचं भावंड म्हणजे कायरोप्रॅक्टिक, मणक्याला हातानं झटका देऊन करायचा उपचार. त्याची १९९९ मध्ये १३८ स्त्रियांवर चाचणी झाली. खरा झटका आणि नाटकापुरता हलका झटका, दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ऑस्टिओपॅथीच्या छोट्या चाचण्यांत दुखणं कमी झालेलं दिसतं, पण तुलना कधीकधी काहीच उपचार न घेतलेल्या बायकांशी असते. मायेनं कोणी तासभर पाठीवरून हात फिरवला, तर त्याचा वाटा किती, हे त्यातून कसं कळणार?

स्टिल औषधांच्या विरोधात होते. त्यांच्या परंपरेतले अमेरिकन डॉक्टर आज पूर्ण परवानाधारक आहेत आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही लिहून देतात. आणि पाळी सुरू होऊन बरीच वर्षं झाल्यावर दुखणं नव्यानं उपटलं किंवा महिन्यागणिक वाढत गेलं, तर मागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असू शकतं. तेव्हा आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, पाठ नंतर.