शिंद्यांच्या शिकारीपासून कूनोच्या सफारीपर्यंत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हिवाळ्याच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की हल्ली शिवपुरी आणि कूनोच्या जंगलांचं नाव हमखास निघतं. या जंगलांत पाहुण्यांची ये-जा नवी नाही. पूर्वी ते बंदूक घेऊन यायचे.

शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी. माधवराव महाराजांच्या काळात व्हाइसरॉय आणि बडे साहेब इथे वाघ मारायला येत. पंचम जॉर्ज यांच्या 1911 च्या दौऱ्यासाठी तर जंगलात जॉर्ज कॅसल बांधलं. रान राखलं जायचं ते या पाहुण्यांसाठी, आणि हाक्याला, म्हणजे जनावर उठवून बंदुकीसमोर आणायला, माणसं लागत ती आसपासच्या खेड्यांतली. महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूरकडच्या रानात सोडले, तेव्हा ते गुरं मारू लागले, मग माणसंही. हौस दरबाराची आणि झळ गावकऱ्यांना, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

1958 मध्ये शिवपुरीचं रान राष्ट्रीय उद्यान झालं, तेच आजचं माधव उद्यान. श्योपूरकडचं कूनो 1981 मध्ये अभयारण्य झालं. पुढे गीरच्या सिंहांना दुसरं घर हवं म्हणून 1998 ते 2003 या काळात कूनोतली 24 गावं उठवली. साधारण दीड हजार कुटुंबं, त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी. सालईचा डिंक, तेंदूपत्ता, मोहाची फुलं यांवर त्यांचं घर चालायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सिंह हलवायचा आदेश देऊनही सिंह आले नाहीत. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून आठ चित्ते आले, फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून बारा. ज्या सिंहांसाठी लोकांनी घरं सोडली ते गुजरातेतच आहेत. ही गोष्ट मला फार लागते.

म्हणून पर्यटन वाईट, असं मी म्हणणार नाही. शिवपुरी जिल्ह्यातल्या करैराचं उदाहरण पाहा. 1981 मध्ये माळढोकसाठी, म्हणजे आपल्याकडच्या सोनचिरैयासाठी, तिथे अभयारण्य केलं. शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी त्यात आल्या, त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली, वाढलेल्या काळविटांनी पिकं खाल्ली. पक्ष्यापासून गावाच्या पदरात काहीच पडेना. रोष वाढत गेला आणि नव्वदच्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. गाइडची नोकरी, जिप्सीचं भाडं, होमस्टेचे चार पैसे मिळाले असते तर पक्षी वाचलाच असता, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी गावात असतं. शिवाय वर्दळ असलेल्या रानात शिकारी आणि लाकूडतोडे सहजासहजी फिरकत नाहीत.

चंबळची कथा वेगळी. सत्तरच्या दशकात या नदीतले घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या मगरी, संपायच्या बेतात होते. मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात अंडी उबवून, पिल्लं वाढवून नदीत सोडली गेली. आज चंबळमध्ये दोन हजारांहून अधिक घडियाल आहेत. बोटीतून ते पाहायला जरूर जावं, पण त्यांचं अंडी घालायचं वाळूचं पात्र अवैध उपशात जातंय, आणि तिकिटाच्या पैशाने तो थांबत नाही.

पर्यटकांच्या गर्दीला लगाम घातला तो सर्वोच्च न्यायालयाने. जुलै 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या आतल्या भागातलं, पर्यटन काही काळ बंदच केलं. ऑक्टोबरमध्ये ते नियमांसह सुरू झालं, त्यात गाभ्याच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त भाग पर्यटकांना नाही, ही अट होती. पावसाळ्यातही मध्य प्रदेशात 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा बंद असतो. तरी वाघ दिसल्याचा निरोप फिरला की गाड्यांचा गराडा पडतोच. गेटबाहेर उभ्या राहणाऱ्या हॉटेलांना लागणारं पाणी आणि जमीन यांचा विचार तर फार थोडे करतात.

मार्च 2025 मध्ये माधव उद्यान व्याघ्र प्रकल्प झालं. शिवपुरीत आता जागांचे भाव आणि हॉटेलं दोन्ही वाढतील. तिथल्या गाइडच्या यादीत आणि गेटच्या उत्पन्नात सहरियांचा वाटा किती, हे दरवर्षी गेटवरच्या फलकावर लिहिलं जावं, एवढी मागणी आपण ग्वाल्हेरकर पर्यटकांनी आत्तापासून लावून धरायला हवी.