शिंगराच्या पायाला तार लागली तर : पट्टी-कापूस नेणाऱ्या ग्राहकांसाठी

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आटोपली की पुढचे दीड-दोन महिने आमच्या दुकानात एकाच कामासाठी माणसं येतात. दत्तजयंतीला हौसेनं घेतलेलं शिंगरू नव्या मळ्यात बिचकतं, रात्री मोरखी तोडून सुटतं आणि बांधावरच्या काटेरी तारेत पाय घालतं. मालक म्हणतात, "भाऊ, पट्टी द्या, मलम द्या, आणि लग्नसराईपर्यंत घोडं उभं राहील असं काहीतरी द्या." पट्टी आणि मलम आमच्याकडे आहे. तिसरं नाही. ते का नाही आणि मधल्या दिवसांत काय करायचं, ते सांगायला हे पत्रक पिशवीत टाकलं आहे.

पहिले काही तास

रक्त चिळकांडीनं उडत असेल तर धुतलेल्या फडक्याची घडी जखमेवर दाबून धरा आणि वरून बांधा. फडकं भिजलं तरी काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा. रक्त थांबलेलं असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे, घालून त्या पाण्यानं माती धुऊन काढा. हळद, चुना, डिझेल, जळकं ऑइल यातलं काहीही लावू नका. त्यानं जिवंत मांस जळतं आणि टाके घालायला चांगली कड उरत नाही. टाके पहिल्या सहा-आठ तासांतच नीट धरतात, म्हणून आमच्याकडे येण्याआधी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जा किंवा जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या नंबरावर फोन करा.

मोठी फाटलेली जखम पाहून माणूस घाबरतो, पण आम्हाला जास्त भीती सांध्याजवळच्या नखाएवढ्या भोकाची वाटते. त्यातून पिवळसर, चिकट, बोटाला तार धरणारं पाणी येत असेल तर ते सांध्यातलं वंगण आहे. सांध्यात पू झाला तर जनावर हातचं जातं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. खुरात खिळा रुतला असेल तर शक्यतो तो तसाच ठेवा. कुठून किती आत गेला ते डॉक्टरांना पाहू द्या.

धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. कान ताठ होतात, शेपूट उचललेलं राहतं, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी बुबुळावर येते. तिथून जनावर परत आणणं कठीण.

पायाची जखम वेगळी का

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं. कातडी, शिरा (रक्ताच्या नव्हेत, मांस हाडाला बांधणारे दोर) आणि नळीचं हाड, एवढंच. त्यामुळे मांडीवरची जखम भरते त्या वेगानं नळीवरची भरत नाही. उलट पहिले दहा-पंधरा दिवस ती मोठी होत जाते, कारण कड ओढली जाते. इथेच लोक धीर सोडतात आणि औषधं बदलत बसतात. दर आठवड्याला जखमेशेजारी दहाचं नाणं धरून एक फोटो काढून ठेवा. डोळ्याला रोज पाहून जे कळत नाही ते चार फोटो शेजारी ठेवले की कळतं.

मग येतं वाढीव मांस. लालबुंद, दाणेदार, फुलकोबीसारखं ते कातडीच्या वर फुगतं, आणि कडेनं सरकत येणाऱ्या नव्या कातडीला त्यावर चढता येत नाही. आमच्या मळ्यात चार वर्षांपूर्वी सव्वा वर्षाच्या काठेवाडी शिंगराच्या मागच्या पायाला असं झालं. तार आमच्याच बांधावरची होती. तिसऱ्या आठवड्यात मांस वाढलेलं दिसलं आणि आम्ही त्यावर मोरचूद टाकला. मांस बसलं, पण त्यासोबत कडेला आलेली गुलाबी कातडीही जळून पांढरी पडली. तीन आठवड्यांची कमाई दोन दिवसांत गेली. नंतर डॉक्टरांनी ते मांस पात्यानं कातडीच्या पातळीला कापलं. रक्त खूप आलं, शिंगरू मात्र शांत उभं राहिलं, कारण त्या मांसात दुखायला नसा नसतात. म्हणून मोरचूद आमच्याकडे या कामासाठी मागू नका, आम्ही देत नाही.

पट्टी बांधताना

जखमेवर डॉक्टरांनी दिलेली जाळी, त्यावर कापूस, त्यावर पट्टी. कापसात कंजुषी नको. दाबल्यावरही इंचभर जाडी राहिली पाहिजे. खान्देशात कापसाला काय तोटा, पण शेतातला सरकीचा कापूस चालत नाही, धुतलेली गुंडाळीच घ्या. वेढा समोरून बाहेरच्या बाजूनं मागे न्या, म्हणजे मागची शीर ओढली जात नाही. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा यावा. वरच्या काठात एक बोट सहज जाईल इतपत ताण ठेवा. दुसऱ्या पायालाही आधाराची पट्टी बांधा, सगळा भार त्याच्यावर येतो.

पट्टी ओली झाली, घसरली किंवा तिला वास आला की लगेच बदला. पारा ४४-४५ वर गेला की आत घाम येतो, तेव्हा बदलण्याचं काम पहाटे उरका. उघड्या जखमेवर माशी बसू देऊ नका. पावसाळ्यात माशीतून जंताच्या अळ्या जखमेत जातात आणि बरसाती नावाचा चिघळणारा व्रण होतो.

चंदी

पागेत उभ्या शिंगराला कामाच्या घोड्याची चंदी घातली तर पोटशूळ होतो. धान्य कमी करा, कोरडं गवत आणि थोडा लसूणघास द्या. गव्हाचा कोंडा आम्ही विकतो, तरीही सांगतो, वाढत्या जनावराला तो रोज भरपूर घातला तर हाडं कमकुवत होतात. बुरशी लागलेला मका अजिबात नको, त्यानं घोड्याचा मेंदू सडतो. म्हशीचं तयार खाद्यही नको. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते घोड्याच्या हृदयावर जातं.

दुखणं कमी करण्याचं औषध डॉक्टरच ठरवतील. माणसाचं डायक्लोफिनॅक जनावराला देऊ नका. मेलेल्या जनावरांत ते राहिल्यानं गिधाडं संपत आली, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

आणखी एक. पायावर गाठींची रांग उठली, त्या फुटून मधासारखा पू येऊ लागला आणि जखम काही केल्या भरेना, तर पट्टी न सोडता सरकारी डॉक्टरांना बोलवा. तो ग्लँडर्स हा घोड्यांचा साथीचा रोग असू शकतो. तो माणसालाही होतो आणि त्याची तपासणी सरकारी यंत्रणेमार्फतच होते.

लग्नसराईचं काय

जखम भरल्यावर आधी हातानं धरून पाच मिनिटं सपाट जमिनीवर चालवा, मग दहा. लंगडलं तर दोन दिवस मागे या. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालू असते, त्यामुळे धडधाकट शिंगरावरही त्याआधी माणूस बसवू नये. वरातीत, बँडपुढे नाचवणं तर दूरच. सुपारी घेतली असेल तर परत करा, दुसरा घोडा आम्ही शोधून देऊ.

आमच्या मळ्यातलं ते काठेवाडी शिंगरू सात महिन्यांनी उघड्यावर सुटलं. नळीवर केस नसलेला रुपयाएवढा डाग अजून आहे. जखमी जनावरासाठी खोगीर मागायला आलात तर आम्ही माप घेऊन वहीत लिहून ठेवतो, आगाऊ पैसे घेत नाही.